मला हरवा, पण माझ्याच चुकीनं हरवा

टर्न-बेस्ड टॅक्टिकल फँटसी आरपीजी (म्हणजे जादू-राक्षसांच्या जगात पाळीपाळीनं, डावपेच आखून खेळायचे गेम) बनवणाऱ्या तमाम डिझायनर, रायटर आणि प्रोग्रॅमर मंडळींनो,

नमस्कार. आपली ओळख नाही, पण तुम्ही बनवलेल्या जगांमध्ये माझे किती तास गेलेत ते मोजायची माझी हिंमत नाही, तेव्हा चार शब्द बोलायचा हक्क मला आपोआप मिळालाय असं धरून चालते.

काल रात्रीचीच गोष्ट. एका पुलावर मी पाऊण तास अडकले होते. म्हणजे माझी पार्टी, गेममधली माझी टोळी, अडकली होती, मी आपली खुर्चीत. पुलाच्या मध्यावर एक ओगर (धिप्पाड राक्षस), त्याच्या मागं दोन तिरंदाज, आणि पलीकडच्या टेकाडावर एक शमन (मांत्रिक) जो दर टर्नला त्या ओगरची हेल्थ भरतोय. माझ्याकडं चार जण: ढालवाली, चोर, जादूगार आणि क्लेरिक, म्हणजे जखमा भरणारा पुजारी. जादूगाराची मोठी स्पेल्स संपलेली, क्लेरिककडं एकच हीलिंग उरलेलं. या लढाईत मी आधी तीनदा हरले होते. पहिल्यांदा जादूगाराला पुढं ठेवला, मेला. दुसऱ्यांदा सगळे मिळून ओगरला बडवत बसले आणि शमन वरून आरामात त्याला भरत बसला. तिसऱ्यांदा चोराला टेकाडावर चढवला, शमनला मारलं पण, फक्त चोर परत खाली कसा येणार याचा विचारच केला नव्हता, तिरंदाजांनी त्याची चाळण केली.

चौथ्यांदा मी कुणालाच न मारता नुसती बघत बसले. कुणाची टर्न कधी येणार ती पट्टी वर दिसतच असते, ढालवालीच्या लगेच नंतर ओगर. ओगर उभाय कुठं, तर पुलाच्या कडेला, कठडा तुटलाय तिथून एकच चौकोन अलीकडं. आणि ढालवालीकडं 'धक्का' नावाचं एक बटण आहे जे मी वीस तासांत एकदाही दाबलं नव्हतं, कारण त्याच्यापुढं डॅमेज लिहिलं होतं शून्य. शून्य डॅमेजचं बटण कोण दाबणार? दाबलं. ओगर गेला खाली नदीत, संपला विषय. आता भर म्हणावं कुणाची हेल्थ भरतोस ती.

रात्री दीड वाजता मी एकटीच हात वर करून नाचले, खोटं कशाला बोलू.

हे एवढं लांबण लावलं कारण त्या तीन हारींबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. तिन्ही वेळा सगळं माझ्यासमोर उघडं होतं, कोण कुठं उभाय, कुणाची टर्न कधी, कुणाच्या बाणाचा टप्पा किती, आणि तरी मी मूर्खपणा केला. आणि तुमच्याबद्दलच्या माझ्या बाकीच्या सगळ्या तक्रारी जर नीट चाळून बघितल्या तर त्या सगळ्या एकाच जागी येऊन थांबतात, की बाबांनो मला हरवा, खुशाल हरवा, पण माझ्या चुकीनं हरवा.

आधी कौतुक करते, म्हणजे नंतर शिव्या घालताना मन मोकळं राहील. टर्न-बेस्डमध्ये वेळ थांबतो, ही गोष्ट वाटते तेवढी साधी नाही. बाकीच्या गेम्समध्ये बोटं चालावी लागतात, इथं डोकं. माझी बोटं कधीच वेगात चालली नाहीत, आणि मला कुणी मागून हाक मारली तर उठून जाता येतं, परत आले तरी ओगर तिथंच गदा उगारून उभा. कितीतरी वर्षं म्हणजे साधारण दोन हजारच्या दशकात सगळे म्हणत होते की हा प्रकार जुनाट झाला, आता लोकांना सगळं धावतंपळतं हवंय. आणि मग २०२३ मध्ये बाल्डर्स गेट ३ आला, ऑगस्टमध्ये, आणि त्या वर्षी गेम अवॉर्ड्समध्ये गेम ऑफ द इयर घेऊन गेला. टर्न-बेस्ड, फाशांवर चालणारा, डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे नियम घेतलेला गेम! ज्या खेळाचं मूळ १९७४ मध्ये टेबलावर कागद-पेन्सिल आणि फासे घेऊन सुरू झालं होतं. तेव्हा लोकांना थांबून विचार करायला आवडतं हे आता सिद्ध करायची गरज उरलेली नाही, तुमच्या मॅनेजर लोकांना कुणीतरी सांगा.

दुसरं कौतुक जमिनीचं. चांगल्या टॅक्टिकल गेममध्ये जमीन हीच पाचवी पार्टी मेंबर असते. बॅटल फॉर वेसनॉथ बघा, २००३ पासून चालू आहे, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, ग्राफिक्स बघून कुणी थांबणार नाही, पण त्यात वार लागणार की नाही हे मुख्यतः मारणाऱ्याच्या कौशल्यावर नाही तर मार खाणारा कुठं उभाय त्यावर ठरतं. एल्फ जंगलात उभा असेल तर त्याला मारणं महाकर्मकठीण, तोच एल्फ उघड्यावर आला की सोपा. वर दिवस-रात्र चालू असते, काही जणांचं डॅमेज दिवसा २५ टक्के वाढतं आणि रात्री तेवढंच कमी होतं, तर ऑर्क वगैरे मंडळींचं बरोब्बर उलटं. म्हणजे संध्याकाळ झाली की मागं सरकायचं आणि उजाडलं की चढाई करायची. दोन ओळींचा नियम, पण त्यातून अख्खं युद्ध उभं राहतं. बाल्डर्स गेट ३ मध्ये उंचावरून नेम धरला की टू-हिटला (वार लागतो का ते ठरवणाऱ्या फाशाला) २ ची भर, खालून वर मारलं की २ ची घट, एवढंच, पण तेवढ्यासाठी माणूस शिडी शोधत फिरतो. आणि डिव्हिनिटी ओरिजिनल सिन २ मध्ये तेल सांडा, आग लावा, पाण्यात वीज सोडा, शत्रूचं रक्त सांडलं की त्या रक्तातून सुद्धा वीज जाते हो! पहिल्यांदा स्वतःच्याच चार माणसांना शॉक देऊन पाडलं तेव्हा मी शब्दशः तोंडावर हात मारून घेतला होता. पण बघा, तिथंही चूक माझीच होती ना. म्हणून ती आठवण गोड आहे.

आता फासे.

सगळ्यात जास्त भांडणं इथंच होतात. स्क्रीनवर ८५ टक्के लिहिलंय, वार केला, हुकला. परत ८५, परत हुकला. तिसऱ्यांदा हुकला की माणूस कंट्रोलर टाकून म्हणतो की गेम चीटिंग करतोय. मी पण म्हणायचे. मग एकदा कागद घेऊन बसले. ८५ टक्के म्हणजे शंभरात १५ वेळा हुकणार, सलग तीनदा हुकायचं तर ०.१५ गुणिले ०.१५ गुणिले ०.१५, साधारण ०.३४ टक्के, म्हणजे तीनशेत एकदा. ऐकायला दुर्मिळ वाटतं पण एवढ्या लांबलचक गेममध्ये असे हजार-दीड हजार वार सहज होतात, म्हणजे हे दुर्भाग्य प्रत्येकाच्या वाट्याला तीन-चारदा तरी येणारच, आणि आपल्याला लागलेले वार आठवत नाहीत, हुकलेले जन्मभर आठवतात.

तुम्हाला हे माझ्या आधीपासून माहितीय, म्हणून तुम्ही गुपचूप काय काय करता तेही आता सगळ्यांना माहितीय. फायर एम्ब्लेम या गेम-मालिकेत २००२ च्या द बाइंडिंग ब्लेडपासून पुढं बरीच वर्षं एका वारासाठी दोन आकडे काढून त्यांची सरासरी धरायचे, त्यामुळं स्क्रीनवर ९० दिसलं तरी प्रत्यक्षात ९८ च्या आसपास आणि १० दिसलं तर प्रत्यक्षात २ च्या आसपास. नियम शत्रूलाही तोच, पण आपले आकडे बहुतेक वेळा मोठे आणि त्यांचे छोटे, त्यामुळं फायदा आपलाच. बाल्डर्स गेट ३ मध्ये कार्मिक डाइस नावाचं सेटिंग आहे, मुळात चालूच असतं, सलग वाईट फासे पडू नयेत म्हणून. ते निदान मेनूमध्ये दिसतं तरी, बंद करता येतं, त्याबद्दल मानलं. पण स्क्रीनवर एक आकडा आणि आत दुसराच, हे मला पटत नाही, भले तो माझ्या बाजूनं का असेना. कारण मग मी जो हिशोब मांडते तो हिशोबच राहत नाही. फासे खरे टाका, नाहीतर सांगून खोटे टाका.

आणि माझं म्हणणं असंय की दुखणं टक्क्यांचं नाहीच आहे मुळी. वार हुकणं टोचत नाही, हुकल्यावर काहीच न घडणं टोचतं. मी दहा मिनिटं विचार केला, जादूगाराला बरोबर जागी आणला, दिवसातून एकदाच मिळणारं स्पेल टाकलं, वर दोन अक्षरं उडाली 'मिस', स्पेल गेलं, टर्न गेली, आणि आता बाराही गोब्लिन आपापली टर्न खेळेपर्यंत मी बसून राहायचं. वेसनॉथनं याच्यावर सरळ तोडगा काढलाय, एका हल्ल्यात तीन-चार छोटे वार, काही लागतात काही हुकतात, नशीब वाटलं जातं. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये फायरबॉल चुकवला तरी अर्धं डॅमेज बसतंच, म्हणून फायरबॉल टाकताना कुणाच्या पोटात गोळा येत नाही. हे तोडगे जुनेच आहेत, कुणाच्या मालकीचे नाहीत, घ्या ना उचलून. फँटसी नाही पण इन्टू द ब्रीच नावाचा २०१८ चा छोटासा गेम आहे, ८ बाय ८ ची पाटी, शत्रू पुढच्या टर्नला नेमका कुठं मारणार हे आधीच दाखवतो आणि तरीही माणसाला घाम फुटतो. अनिश्चितता काढून टाकली तरी खेळ सोपा होत नाही हे त्यावरून कळावं. सगळ्यांनी तसंच करा असं नाही म्हणत, मला फासे आवडतात, फासे खळखळल्याशिवाय फँटसी वाटतच नाही, पण थोडं घ्या की त्यातून.

आता खरी खुन्नस. कटसीन, म्हणजे गेम मधेच सूत्रं माझ्या हातातून काढून दाखवतो तो सिनेमा.

एका गेममध्ये (नाव घेत नाही, ज्याला कळायचं त्याला कळेल) मी बॉसच्या दालनात शिरायच्या आधी अर्धा तास तयारी केली होती. तिरंदाज वरच्या सज्जावर लपवली, चोर मागच्या खिडकीतून आत आणून बॉसच्या पाठीशी उभा केला, जादूगार खांबाआड, दारात तेलाचा बुधला फोडून ठेवला की कुणी धावत आलं की पेटवायचं. असली सुंदर मांडणी की फोटो काढून ठेवावा. मग ढालवालीला पुढं पाठवलं. बॉसनं तोंड उघडलं, कॅमेरा फिरला, तीन मिनिटं तो स्वतःच्या दुःखद बालपणावर बोलला, कॅमेरा परत आला आणि बघते तर काय, माझे चौघंही बॉसच्या समोर एका रांगेत उभे! खांद्याला खांदा लावून! ग्रुप फोटोला उभे राहावेत तसे! आणि पहिली टर्न बॉसची, आणि बॉसकडं समोरच्या सगळ्यांना एकत्र भाजणारं स्पेल. सज्जावरून माझी तिरंदाज खाली कशी आली, उडी मारली का, कुणी बोलावलं तिला?

हरले. आणि ही हार माझी नव्हती. तीन हारींनंतर मी पुलावर परत गेले, इथं एका हारीनंतर गेम बंद करून झोपले.

याच जातीचं दुसरं पाप म्हणजे नकाशाच्या कडेतून अचानक उगवणारे शत्रू. उगवा, माझी हरकत नाही, पण उगवले त्याच टर्नला धावत येऊन माझ्या मागं ठेवलेल्या क्लेरिकला मारणार असतील तर मी काय करायला हवं होतं सांगा? दुसऱ्यांदा खेळताना मला माहीत असतं, म्हणजे तो डावपेच नाही, पाठांतर आहे. एक टर्न आधी ढोल वाजवा, धूळ उडवा, दार हलताना दाखवा, एवढी माणुसकी ठेवा.

आणि तिसरं, रस्ता. मी जादूगाराला म्हटलं तिथं जा, तो गेला, फक्त वाटेत आग लागलेली होती तिच्यातून सरळ चालत गेला, कारण तो रस्ता दोन पावलांनी जवळचा होता. अरे बुद्धी १८ आहे ना तुझी, शीटवर लिहिलंय! चालण्याला तरी अनडू द्या. वार परत घेता येऊ नये हे मान्य, पण नवीन काही कळलं नसेल, कुणी दिसलं नसेल, सापळा उडाला नसेल, तर टाकलेलं पाऊल परत घ्यायला काय हरकत आहे, बोट घसरणं हा काही डावपेचातला दोष नाही.

परत घेण्यावरून सेव्ह-लोडचा (बिघडलं की आधी साठवलेल्या जागेपासून परत खेळायचं) विषय निघतोच. आपण सगळे करतो, लाजायचं काय त्यात. फायर एम्ब्लेममध्ये १९९० पासून मेलेला माणूस कायमचा मेलेला, आणि १९९० पासून लोक कुणी मेलं की रिसेट मारतायत. कल्पना काय तर प्रत्येक मृत्यूचं ओझं वाटावं, प्रत्यक्षात काय तर रिसेटचं बटण झिजावं. मग २०१० मध्ये त्यांनी कॅज्युअल मोड आणला, मेलेला पुढच्या लढाईत परत हजर, तेव्हा कट्टर लोकांनी काय गळा काढला होता. पण मला विचाराल तर मधला रस्ता सगळ्यात शहाणा. टॅक्टिक्स ओगर नावाच्या गेमच्या २०१० च्या पीएसपीवाल्या आवृत्तीत चॅरियट टॅरो होतं, ५० चाली मागं जाता यायचं. फायर एम्ब्लेमच्या थ्री हाउसेसमध्ये २०१९ ला डिव्हाइन पल्स, वेळ मागं फिरवायचा पण मोजक्याच वेळा. हे मोजकेपण मला फार आवडतं, कारण मागं जाणं ही सुद्धा एक चाल होते, ती कुठं खर्च करायची याचाही विचार करावा लागतो. लोड बटण दाबताना मी चोर असते, आणि मोजकं रिवाइंड वापरताना मी सेनापती असते. दुसऱ्या टोकाला बाल्डर्स गेट ३ चा ऑनर मोड आहे, नोव्हेंबर २०२३ मध्ये आला, एकच सेव्ह, सगळे मेले की संपलं. तो माझ्या हृदयाला झेपत नाही पण त्याच्याबद्दल आदर आहे, कारण तिथं मोठ्या बॉसना नवीन लेजंडरी ॲक्शन, म्हणजे खास चाली, दिल्यात, म्हणजे बॉस वेगळा वागतो.

हे का सांगतेय, तर डिफिकल्टी. तुमच्यातल्या निम्म्या लोकांची डिफिकल्टीची व्याख्या म्हणजे शत्रूची हेल्थ दुप्पट. अहो जी लढाई मला समजली, सुटली, ती दुप्पट हेल्थनं अवघड होत नाही, लांब होते. तोच उंदीर, तीच तलवार, फक्त चारऐवजी आठ वेळा मारायचं. त्यापेक्षा शत्रूंना अक्कल द्या. त्यांना माझ्या क्लेरिकला आधी गाठू दे, मरायला आले तर पळून जाऊ दे, पुलावर मला धक्का देऊ दे! काल माझ्या डोक्यात हेच आलं की मी ओगरला ढकलू शकते तर ओगरनं मला का नाही ढकललं, चार टर्न तो तिथंच होता.

डिव्हिनिटी ओरिजिनल सिन २ मधल्या चिलखतावर पण बोलायचं होतं. २०१७ चा गेम, माझ्या मते अजूनही पहिल्या पाचात, पण ती दोन चिलखतं, एक शारीरिक आणि एक जादूचं, संपल्याशिवाय गोठवणं, पाडणं, काही म्हणजे काही लागू होत नाही. कल्पना स्वच्छ आहे, फाशांवर विसंबायला नको म्हणून केलेली, त्या बाबतीत माझ्याच म्हणण्याला धरून आहे. पण परिणाम बघा, दोन तलवारवाले आणि दोन जादूगार घेतले तर अर्धे लोक एक चिलखत फोडतायत आणि अर्धे दुसरं, कुणाचंच काम होत नाही, म्हणून शहाणा माणूस चौघंही एकाच प्रकारचे घेतो. आणि एकदा चिलखत फुटलं की शत्रू पुढच्या सगळ्या टर्न जमिनीवर आडवा. म्हणजे आधी काहीच चालत नाही आणि मग सगळंच चालतं. नियम किती का स्वच्छ असेना, तो माणसाला कुठल्या सवयी लावतो ते बघायला हवं.

सवयींवरून आठवलं, फायनल फँटसी टॅक्टिक्स, १९९७. जॉब सिस्टिम (जॉब म्हणजे पात्राचा पेशा) काय सुंदर, नाइटचं शिकलेलं मंकला वापरा, मंकचं जादूगाराला, तासन्तास नुसते कॉम्बिनेशन जुळवत बसावं. मोठ्या स्पेलला वेळ लागायचा, मंत्र पूर्ण होईपर्यंत शत्रू चालत निघून जायचा, म्हणून कुणाची टर्न कधी येणार ते बघून मंत्र सुरू करायचा, वा. पण जॉबचे पॉइंट मिळायचे प्रत्येक कृतीला. मग खेळणाऱ्यांनी काय केलं? शेवटचा एक शत्रू जिवंत ठेवायचा, आणि आपल्याच लोकांनी आपल्याच लोकांना दगड मारत बसायचं! जगाचं भवितव्य पणाला लागलंय आणि आपले वीर एकमेकांना दगड मारून पॉइंट जमवतायत, मी स्वतः तासभर मारलेत. यात खेळणाऱ्याला हसू नका, ज्या गोष्टीला बक्षीस ठेवाल ती गोष्ट लोक करणार.

वेळेबद्दल थोडक्यात. मी रात्री जेमतेम तासभर खेळते. त्यातली वीस मिनिटं जर सांगाडे एकेक करून 'विचार' करतायत, चालतायत, हाडं वाजवतायत हे बघण्यात जाणार असतील तर मला फास्ट फॉरवर्डचं बटण द्या, चारपट वेगाचं, आणि ते मेनूत तीन पातळ्या खाली पुरू नका. लढाईच्या मधोमध सेव्ह करता येत नसेल असा गेम तर कृपया बनवूच नका.

इन्व्हेंटरीवर बोलत नाही, बोलले तर पत्र संपणार नाही. एवढंच सांगते की शेवटच्या बॉसला मारल्यावर माझ्या पिशवीत न वापरलेली ७३ पोशन्स होती, प्रत्येक वेळी वाटायचं 'पुढं लागेल'.

शेवटाकडं मात्र लक्ष द्या. बहुतेक गेम्सचा सगळ्यात चांगला भाग पहिला एक-तृतीयांश असतो, जेव्हा माझ्याकडं दोन स्पेल्स आणि एक गंजकी तलवार आहे आणि तीन लांडगे सुद्धा भारी पडतायत. तेव्हा प्रत्येक चौकोन मोलाचा. पुढं लेव्हल वाढतात, स्क्रीनच्या खाली बटणांची भिंत उभी राहते, चाळीस बटणं, त्यातली सहा मी वापरते, आणि लढाई अशी होते की जो आधी खेळला तो जिंकला. पहिल्या टर्नला सगळे मेले, ते तरी नाहीतर मी तरी. मग पूल कशाला, टेकाड कशाला, कठडा कशाला. बाल्डर्स गेट ३ नं लेव्हल १२ ला थांबवलं, म्हणजे सहाव्या पातळीच्या पुढची स्पेल्स जादूगाराच्या हाती पडतच नाहीत, तेव्हा काही लोक हळहळले होते, मला तो निर्णय बरोबर वाटतो. जगच उलटंपालटं करणारी स्पेल्स दिली की डावपेच मेला. कमी द्या, पण शेवटच्या लढाईत सुद्धा मला कुठं उभं राहायचं याचा विचार करायला लावा.

कथेबद्दल तुम्ही म्हणाल ही काहीच बोलली नाही. पुरातन दुष्ट शक्ती जागी होणार आणि निवडलेला एकच वीर, हे आता राहू दे थोडे दिवस, एवढंच. बाकी सोबती तुम्ही छान लिहिता, कधीकधी इतके छान की चोराला वाचवायला मी जिंकलेली लढाई परत लोड केलीय. ते लिहिणाऱ्यांना माझा नमस्कार सांगा.

आणि एक. काल जिंकल्यावर मी झोपायच्या आधी पुलावर परत गेले, नुसती बघायला. कॅमेरा फिरवून सगळा कठडा बघितला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तो फक्त एकाच ठिकाणी तुटलेला होता, जिथं ओगर उभा होता तिथं. म्हणजे तुमच्यापैकी कुणीतरी एका दुपारी बसून तेवढेच दोन दगड काढले होते आणि कुठंही काही लिहून ठेवलं नव्हतं. ते कोण होतं ते मला माहीत नाही, पण त्या माणसाचा पुढचा गेम मी डोळे झाकून विकत घेईन.

तुमची,
ढालवालीच्या मागं उभी असलेली एक खेळाडू

ता. क. पलीकडच्या बुरुजाच्या दाराची किल्ली ओगरच्या कमरेला होती म्हणे, त्याच्याबरोबर नदीत गेली. दार अजून बंदच आहे. याबद्दल मात्र काही म्हणणं नाही, ढकलायच्या आधी त्याच्यावर कर्सर नेऊन बघायला हवं होतं.